डिसेंबरात जैसलमेरला जातोय, सोबत साठीचे आई-बाबा. वाळवंटात दिवसभराची सोपी पायपीट कशी आखावी?

सम गावच्या गर्दीच्या वाळूच्या टेकड्यांऐवजी खुडी गाव गाठा. जैसलमेरपासून पन्नासेक किलोमीटर, गाव संपलं की टेकड्या सुरू. सममध्ये जीप आणि डीजेच जास्त.

डिसेंबरात तिकडे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटे उठायची घाई नको. आठला निघा, साडेअकरापर्यंत सावलीत या, उरलेलं चारनंतर. वाळूत चालणं सपाट रस्त्याच्या जवळपास दुप्पट दमवतं, म्हणून जाऊन-येऊन चार किलोमीटर पुरे. आई-बाबांना त्याहून जास्त चालवू नका.

टेकडी चढताना वाऱ्याकडची बाजू धरा. तिथली वाळू दाबलेली असते, पाय कमी रुततो. पलीकडची उभी बाजू उतरायला मजेची, चढायला वैताग.

पाणी माणशी तीन लिटर, शिवाय खारे शेंगदाणे. बूट घोट्यापर्यंतचे, कारण भुरट नावाच्या गवताचे काटेरी गोळे मोज्यांना असे चिकटतात की बोटांनी काढताना बोटांतच मोडतात. छोटा चिमटा ठेवा. (लोकरी मोजे तर नकोच!)

वारा सुटला की पाऊलखुणा पुसल्या जातात. निघतानाच गावातला मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी हेरून ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. गावातला वाटाड्या घेतलात तर उत्तमच. स्वेटर विसरू नका. दुपारी टोपी लागते आणि सूर्य मावळला की तासाभरात कुडकुडायला होतं.