जुना पीसी चालू आहे, तोवरच

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून मला येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे: मशीन नवं घेऊ, पण आतलं सगळं जसंच्या तसं हवं. दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारावाच लागेल." त्याचं चुकतं असं नाही. फॉरमॅट मारून विंडोज टाकणं त्याचं अर्ध्या तासाचं काम, आणि तुमची घडी पुन्हा बसवणं तुमचं महिन्याभराचं. या वेळी अशीच चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमचा असेंबल केलेला पीसी आठेक वर्षांचा आहे. विंडोज १०, साटा जोडणीची एसएसडी डिस्क. टॅली, डिजिटल सहीचा टोकन, क्लायंटचे फोल्डर, सगळं बसलेलं आहे. नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेतली. जुनी एसएसडी सरळ नव्या बोर्डला लावली तर चालेल का? — एक हिशेबनीस, बोरिवली

उत्तर : बहुतेक चालेल. एक्सपीच्या काळात डिस्क दुसऱ्या बोर्डला लावली की निळा पडदा ठरलेला, आणि त्या वेळची भीती अजून बाजारात फिरते आहे. आताचं विंडोज पहिल्या बूटला नवं हार्डवेअर ओळखतं, "गेटिंग डिव्हायसेस रेडी" म्हणत थोडा वेळ घेतं, एखाददोनदा रिस्टार्ट होतं आणि डेस्कटॉप दाखवतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्यातलं बहुतेक जुना पीसी चालू असतानाच सोडवता येतं. म्हणून तुम्ही अजून स्क्रू काढले नसतील तर थांबा.

बाहेरच्या डिस्कवर पूर्ण इमेज बॅकअप (विंडोजसकट सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) घेतल्याशिवाय पुढचं काही करू नका. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून "एमएसइन्फो३२" उघडा (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं) आणि "बायोस मोड" पुढे काय आहे ते बघा (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं, बोर्डवरचं सॉफ्टवेअर). "यूईएफआय", म्हणजे बूट करायची नवी पद्धत, असेल तर छान. "लेगसी", म्हणजे जुनी पद्धत, असेल तर डिस्कवरची पार्टिशनची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, आणि आजकालच्या बऱ्याच बोर्डांना ती बूटच करता येत नाही. ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलायला विंडोजमध्येच "एमबीआर२जीपीटी" नावाचं टूल आहे. आधी "व्हॅलिडेट" चालवून डिस्क बदलण्याजोगी आहे का ते बघा, मगच "कन्व्हर्ट". डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. बदल झाल्यावर जुन्या पीसीच्या बायोसमध्येही यूईएफआय निवडावं लागतं, नाहीतर तो बूट होणार नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

दुसरी अडचण डिस्क-कंट्रोलरची, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या बोर्डवरच्या भागाची. इंटेलच्या बऱ्याच नव्या बोर्डांवर आणि लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते. जुन्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो, मग "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" येतं आणि लोक डिस्क गेली म्हणून कपाळाला हात लावतात. डिस्कला काही झालेलं नसतं. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून डिस्क साध्या एएचसीआय पद्धतीने दाखवा. माझी सवय अशी की जुना पीसी शेवटचा बंद करण्याआधी "एमएसकॉन्फिग" मध्ये सेफ बूटची खूण करायची. नव्या बोर्डवर पहिलं बूट सेफ मोडमध्ये होतं, विंडोज साधे ड्रायव्हर घेऊन उभं राहतं, मग खूण काढायची. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, तेव्हा खरा पासवर्ड माहीत हवा.

आता लायसन्स. कमांड प्रॉम्प्टमध्ये "एसएलएमजीआर", मग जागा सोडून स्लॅश आणि "डीएलआय" टाका. समोर "रिटेल" (सुटं विकत घेतलेलं) आलं तर ते नव्या बोर्डवर नेता येतं. आत्ताच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून ठेवा. नंतर अॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबून "या उपकरणाचं हार्डवेअर नुकतंच बदललं" हा पर्याय निवडायचा. "ओईएम" (पीसीबरोबर आलेलं) आलं तर ते लायसन्स जुन्या मदरबोर्डाबरोबर संपलं, नवं घ्यावं लागेल. आणि "व्हॉल्यूम" आलं, तर तुम्हाला चारपाचशे रुपयांत "ओरिजिनल की" देणाऱ्याने कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्सचा तुकडा विकला आहे. मुंबईत भडकमकर मार्गावर (लॅमिंग्टन रोडवर) असे तुकडे खूप फिरतात. तो नव्या बोर्डवर चालेलच याचा भरवसा धरू नका.

तुमच्या बाबतीत विंडोजपेक्षा टॅलीची काळजी मोठी. तिचं लायसन्सही मशीनला बांधलेलं असतं. जुन्या पीसीवरून ते सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनपासून सोडवा, आणि नव्यावर पुन्हा अॅक्टिव्हेट करा. बोर्ड बदलल्यावर आठवलं तर निस्तारायला फोनवर वेळ घालवावा लागेल, तोही नेमका रिटर्न भरायच्या आठवड्यात. डिजिटल सहीच्या टोकनचं तसं नाही, सर्टिफिकेट त्या टोकनमध्येच असतं, ड्रायव्हर असला की पुरे.

विंडोज ११ चं काम स्थलांतराबरोबर उरकू नका. आधी आहे ते विंडोज १० नव्या बोर्डवर आठवडाभर चालवा, छपाई, बॅकअप, सही, सगळं तपासा. मग बायोसमध्ये टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा-भाग (इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम), आणि सिक्युअर बूट, म्हणजे फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय, चालू करून अपग्रेड करा. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर कशामुळे ते कळणार नाही.

प्रश्न : आमचा गिरगावात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं. कोअर टू ड्युओ, विंडोज ७, ३२ बिट, पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं यूएसबी लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही). सीडी कुठे आहेत देव जाणे. हार्ड डिस्क मधूनच टकटक करते. गणपतीचं काम तोंडावर आहे. हे सगळं नव्या मशीनवर जसंच्या तसं जाईल का? — एक मुद्रक

उत्तर : आधी ते मशीन बंद करा आणि मग हे वाचा.

टकटक करणाऱ्या डिस्कला प्रत्येक बूट महाग पडतो. आज नव्या मशीनचा विचार नको. त्याच मापाची किंवा मोठी साटा एसएसडी घ्या आणि जुनी डिस्क तिच्यावर उतरवून घ्या. साधं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर अडून डिस्क घासत बसतं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू आधी धडधाकट भाग उचलतं, खराब जागा मागे ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. ज्याच्याकडे डिस्क द्याल त्याला हे नाव विचारा. त्याने कधी ऐकलं नसेल तर डिस्क परत घेऊन या. नक्कल झाली की एसएसडी त्याच जुन्या मशीनमध्ये लावा. बोर्ड तोच, त्यामुळे विंडोज तक्रार करत नाही आणि लॉकही जागच्या जागी चालतं. गणपतीचं काम एवढ्यावर निघेल. जुनी डिस्क पुसू नका, पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा.

आता मूळ प्रश्न. ती एसएसडी आजच्या नव्या मशीनला लावली, तर गाडी फार पुढे जाणार नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नाहीत, आणि नव्या बोर्डवर जुन्या पद्धतीचे यूएसबी कंट्रोलर राहिलेले नाहीत. लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचलात तरी कीबोर्ड-माउस मेलेले. नव्या ग्राफिक्सला ड्रायव्हर नाही. एनव्हीएमई डिस्क (साटाऐवजी नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) ते स्वतःहून ओळखत नाही. शिवाय तुमचं विंडोज नक्की लेगसी पद्धतीने बसलेलं असणार, आणि नव्या बोर्डांतून ती सोय जात चालली आहे. एकेका अडचणीवर जुगाड आहे, पण सगळे मिळून जो डोलारा उभा राहतो तो कामाच्या दिवसांत कोसळतो. मी हे काम घेत नाही.

मी करते ते वेगळं. जुनं विंडोज नव्या मशीनवर ठेवायचं, पण एका खिडकीत, व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन) म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्क२व्हीएचडी नावाचं मोफत टूल आहे. जुन्या मशीनवर विंडोज चालू असतानाच ते पूर्ण डिस्कची एक फाइल करून देतं. त्यातली "व्हीएचडीएक्स" ची खूण काढा, साधी व्हीएचडी करा, आणि विंडोजच्या आधीचं छोटं सिस्टिम पार्टिशनही निवडा, नाहीतर फाइल बूट होणार नाही. फाइल बाहेरच्या डिस्कवर लिहा. नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ७, ३२ बिट असं मशीन तयार करा, ईएफआयची खूण करू नका, तीन जीबी रॅम पुरे (३२ बिटला चारच्या वर दिसत नाही), आणि ती फाइल आयडीई (साटाच्या आधीच्या पद्धतीच्या) कंट्रोलरला जोडा. त्या काळातल्या बहुतेक पीसींचं बायोस आयडीईवरच ठेवलेलं असायचं. साटाला जोडली तर निळा पडदा आणि ०x७बी हा आकडा दिसेल. ते ओळखीचं आहे, घाबरायचं नाही, कंट्रोलर बदलायचा.

यूएसबी लॉक नव्या मशीनला लावून व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीतून आतल्या विंडोजला देता येतं. बहुतेक लॉकं अशी चालतात, काही चालत नाहीत, म्हणून जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी हे करून बघायचं. ज्यांचं लॉक जुन्या रुंद पॅरलल पोर्टचं आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. त्यांनी जुन्याच पद्धतीचा एक बोर्ड जपून ठेवावा. समुद्राजवळच्या हवेत लॉकच्या पिना हिरव्या पडतात, तेव्हा काम नसताना ते सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा.

आतल्या विंडोज ७ ला इंटरनेट देऊ नका. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क कार्ड बंद करा, फाइल शेअर्ड फोल्डरमधून ये-जा करतील. आत पीडीएफ बनवा आणि प्रिंट बाहेरच्या नव्या विंडोजमधून द्या, म्हणजे जुन्या प्रिंटर-ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. लायसन्सचंही सांगते: विंडोज ७ त्या पीसीबरोबर आलेलं ओईएम असेल, तर ते नियमाने त्या पीसीचंच, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये ते पुन्हा अॅक्टिव्हेशन मागेल. रिटेल असेल तर अडचण नाही.

एक आगंतुक मत. तुम्हाला विंडोज ७ शी घेणंदेणं नाही, तुम्ही अडकलाय ते जुन्या फॉन्टमधल्या इतक्या वर्षांच्या मजकुरात. तो मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नाही, म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की त्याची खिचडी होते. जुनी कामं त्या खिडकीत राहू द्या. नव्या मंडळाचा नवा अहवाल मात्र युनिकोडमध्ये सुरू करा, नाहीतर पुढच्या मशीनच्या वेळी हेच पत्र पुन्हा लिहाल.

प्रश्न : कुर्ल्याला पावसात माझा लॅपटॉप भिजला, मदरबोर्ड गेला. आतली एसएसडी ठीक आहे म्हणून भावाच्या लॅपटॉपला लावली, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागते. मी कधीच कसला लॉक लावला नव्हता. — एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : लावला नव्हता, पण लागला होता. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येण्याजोगी होते. विंडोजच्या या सोयीचं नाव बिटलॉकर. तिची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएममध्ये असते, आणि तुमचा तो बोर्डच गेला.

फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत बिटलॉकर रिकव्हरी की सापडते. निळ्या पडद्यावरचा की आयडी आणि खात्यातला आयडी जुळवून मग ४८ आकडे टाका. लॅपटॉप शाळेच्या खात्याने सुरू केलेला असेल तर की शाळेच्या आयटीवाल्यांकडे असेल. कुठेच नसेल तर मात्र त्या डिस्कवरचं काही मिळणार नाही. पैसे घेऊन "खोलून देतो" म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका, माझ्या ओळखीत असं खोलणारं कोणी नाही आणि असू शकत नाही.

की मिळाली तरी भावाच्या लॅपटॉपमधून ती एसएसडी काढा. यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडा, की टाका, फाइल उतरवून घ्या. डबी घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा ते बघून घ्या, दोन्ही दिसायला सारख्याच. भावाच्या बायोसमधल्या टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावू नका, नाहीतर त्याचीही डिस्क ४८ आकडे मागायला लागेल आणि राखीपौर्णिमेला तुमची पंचाईत होईल.

प्रश्न : जुन्या पीसीतली उबुंटूची (लिनक्सची) एसएसडी नव्या पीसीत चालेल? — विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर : चालेल, आणि विंडोजवाल्यांना हेवा वाटेल अशी. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच (लिनक्सच्या गाभ्याबरोबरच) येतात आणि पार्टिशन यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, ओळखली जातात, त्यामुळे पोर्ट बदलला तरी गोंधळ होत नाही. बूट मेनूत नाव दिसलं नाही तर दचकू नका. ती नोंद जुन्या मदरबोर्डच्या मेमरीत राहिली. नव्या बायोसमधून डिस्क थेट निवडा, किंवा लाइव्ह पेनड्राइव्हने (ज्यावरून उबुंटू थेट चालतं) ग्रब, म्हणजे उबुंटू सुरू करणारा प्रोग्राम, पुन्हा बसवा. जुना पीसी लेगसीवर असेल तर आधी ईएफआय पार्टिशन करावं लागेल. नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, म्हणून स्टॅटिक आयपी (नेटवर्कवरचा हाताने ठरवलेला कायमचा पत्ता) दिला असेल तर तो नव्या नावावर लिहा. एनव्हिडियाचं कार्ड बदलत असाल तर त्याचा ड्रायव्हर जुन्या पीसीवरच काढून टाका.