गरोदरपणात एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्रास होतोय, थोडे दिवस बंद ठेवू का?

तुमचा प्रश्न असा: अकरावा आठवडा चालू आहे, तपासणीत एचआयव्ही निघाला, गेल्या आठवड्यापासून रोज एक गोळी सुरू झाली. सकाळी उलट्या, दिवसभर गरगरतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्यात घरात कुणीतरी म्हणालं की पहिले तीन महिने कसल्याच गोळ्या घ्यायच्या नसतात. मग चौथा महिना लागेपर्यंत बंद ठेवाव्यात का?

नका ठेवू. गोळी चालू राहू दे, त्रासाचं काय करायचं ते बघू. मी डॉक्टर नाही. माझी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, गरोदरपणातच सुरू झाली होती. मुलगी आता शाळेत जाते आणि तिची शेवटची तपासणीसुद्धा निगेटिव्ह आली. नव्याने गोळ्या सुरू झालेल्या बायकांशी माझं बोलणं होत असतं, त्या अनुभवावरून सांगते.

आधी ते तीन महिन्यांचं. ही भीती अगदीच हवेतली नाही. २०१८ मध्ये बोट्सवानातल्या एका पाहणीत दिसलं होतं की गर्भ राहण्याच्या वेळी ज्या बायका डोल्युटेग्रॅविर हे एचआयव्हीचं औषध (बहुधा तुमच्याही गोळीत तेच आहे) घेत होत्या, त्यांच्या ४२६ बाळंतपणांपैकी ४ बाळांना मेंदू किंवा मज्जारज्जूचा जन्मदोष होता. मोठी खळबळ उडाली. पुढे हजारो बाळंतपणांची मोजणी होत गेली तसा तो फरक घटत गेला आणि शेवटी टिकला नाही. २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांसकट सगळ्यांसाठी हेच औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. शिवाय बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती, गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. तुमची गोळी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुरू झालीय, त्यामुळे ती काळजी तुम्हाला लागूच होत नाही.

उलट बाजूला काय आहे ते बघा. काहीच औषध न घेतल्यास गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध धरून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गोळ्या वेळेवर घेऊन बाळंतपणाआधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, नीट दबला, तर गरोदरपणात आणि बाळंतपणात ती एक टक्क्याच्याही खाली येते. लोड दाबायला आठवडे लागतात, आणि तुमच्या हातात ते आत्ता भरपूर आहेत. मध्येच सोडलं तर विषाणू परत वाढतो, औषधाला निगरगट्ट होण्याचीही भीती असते. सोबत हिपॅटायटिस बी असेल तर गोळी अचानक थांबल्यावर यकृताला सूज येऊ शकते, ते वेगळंच.

तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. दिवसाला एकच गोळी आणि झोप उडालेली, म्हणजे बहुतेक टीएलडी असणार: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम. डबीवर नाव वाचून खात्री करून घ्या. पुढचं सगळं ती टीएलडी आहे असं धरून सांगतेय.

मळमळ. गरोदरपणाची स्वतःची मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची चौदा-सोळाव्यापर्यंत ओसरते. गोळीची मळमळ बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांची. तुमच्यावर दोन्ही एकदम आल्यात, त्यामुळे सगळा दोष गोळीला देऊ नका. गोळी बंद केली तरी सकाळच्या उलट्या थांबतीलच असं नाही. ‘सवय होईल हो’ असं सांगून बायकांना परत पाठवलं जातं त्याचा मला मनस्वी राग येतो. सवय होतेच, पण तोवर रोज उलट्या काढत का बसायचं? गरोदरपणात चालणारी मळमळीची औषधं आहेत. डॉक्सिलामिन आणि बी-६ ची जोडी तर अनेक वर्षं वापरात आहे. ती तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या. दुकानातून आपल्या मनाने आणू नका.

आणि वेळ बदला. टीएलडी दिवसात केव्हाही घेता येते, जेवणाआधी, जेवणानंतर कशीही. फक्त ठरवलेली वेळ रोज तीच ठेवायची. सकाळी तुमचं पोट थाऱ्यावर नसतं. रात्री घेतली तर डोल्युटेग्रॅविर काहींची झोप उडवतं. तुमची लक्षणं बघता दुपारचं जेवण ही वेळ मला सगळ्यात बरी वाटते. क्लिनिकमध्ये विचारून तशी हलवून घ्या.

जेवणाबरोबर घेण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो नीट समजून घ्या, कारण गरोदर बाईची खरी गडबड इथेच होते. लोह, कॅल्शियम यांसारखी खनिजं पोटात डोल्युटेग्रॅविरला चिकटतात आणि औषध रक्तात पुरतं उतरतच नाही. तुम्हाला तर रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळणारच. नियम असा की रिकाम्या पोटी असाल तर डोल्युटेग्रॅविर त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. भरल्या पोटी जेवणासोबत मात्र एकत्र घेतलेलं चालतं. छातीतल्या जळजळीसाठी जी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पातळ औषधं मिळतात त्यांना ही जेवणाची सवलत नाही, तिथे दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हेच पाळायचं. सातव्या-आठव्या महिन्यात जळजळ वाढली की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतेय. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर तेही क्लिनिकमध्ये सांगा, कारण डोसचं गणित बदलतं.

गोळी उलटून पडली तर? मी बेसिनवर वाकून खरंच गोळी शोधली होती. पांढरा तुकडा दिसला, आणि तो गोळीचा की खाल्लेल्याचा हेच कळेना. फोन केला तर नर्सने शांतपणे विचारलं: किती वाजता घेतली, किती वाजता उलटी झाली, गोळी दिसली का? हेच तीन प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा. घेतल्या घेतल्या उलटून पडली, गोळी दिसली, तर बहुधा दुसरी घ्यायला सांगतात. किती वेळाच्या आत उलटी झाली तर परत घ्यायची, हे तुमच्या क्लिनिकला आधीच विचारून डबीवर लिहून ठेवा. गोळी विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नका.

झोपेचं आणि गरगरण्याचं बहुतेकींचं काही आठवड्यांत निवळतं. माझ्या वेळी इफॅव्हिरेन्झ होतं, त्याची स्वप्नं म्हणजे एक प्रकरणच. मी भरलेल्या बसमधून उतरतेय, पायऱ्या संपतच नाहीत, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी माझं नाव विचारतंय. जागी झाले तरी तिकीट हातात आहे असं वाटायचं. ते औषध झोपताना आणि रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, कारण तेलकट जेवणाने त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हे कळल्यावर माझी स्वप्नं बरीच आटोक्यात आली. गरगरत असेल तर अंथरुणातून एकदम उठू नका, आधी कडेला बसा. पाणी कमी पडतंय का तेही बघा. उलट्या आणि कमी पाणी एवढ्यानेही गरगरतं.

आता ज्याची वाट बघत बसायची नाही ते. पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल. डोळे किंवा लघवी पिवळीजर्द, उजव्या बरगडीखाली दुखणं. घोटभर पाणीही पोटात न ठरणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी जायचं. गोळ्यांमध्ये झिडोव्ह्युडिन असेल तर धाप आणि धडधड याकडे लक्ष ठेवा, त्याने रक्त कमी होतं. अबॅकॅविर असेल आणि ताप, पुरळ, श्वासाचा त्रास असं एकदम आलं तर लगेच डॉक्टर गाठा. त्याची ॲलर्जी आहे असं ठरलं तर ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचं नसतं. काही आठवड्यांनी अचानक ताप, खोकला, गळ्यात गाठी आल्या तर प्रतिकारशक्ती जागी होऊन लपलेल्या टीबीसारख्या आजाराशी झगडत असू शकते. तेव्हाही आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही, दाखवायला जायचं.

गोळी सुरू झाली की जे होईल ते गोळीमुळेच, असं घरात सगळे म्हणायला लागतात. पुढच्या महिन्यांत जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, किंवा पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले, तर ते गरोदरपणाचं स्वतःचं गंभीर दुखणं असू शकतं. ‘गोळीचं आहे, जाईल’ म्हणून घरी थांबू नका.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) किंचित वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. डोल्युटेग्रॅविरमुळे मूत्रपिंडाला धक्का न लागताही तो आकडा थोडा वर जातो. टेनोफोव्हिरचा मात्र मूत्रपिंडावर खरा परिणाम होऊ शकतो, म्हणून तपासण्या चुकवू नका. कुठलं कशामुळे हे डॉक्टर बघतील.

उद्याच क्लिनिकला फोन करून तीन गोष्टी विचारा: वेळ दुपारची करू का, मळमळीचं औषध कोणतं, आणि व्हायरल लोडची तपासणी कधी. चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान एकदा ती व्हायलाच हवी, कारण बाळाला जन्मल्यावर कोणतं औषध किती दिवस द्यायचं हे ठरवताना तो आकडा लागतो. महिनाभराने त्रास तेवढाच राहिला तर औषध बदलता येईल का हे जरूर विचारा, पर्याय असतात. आणि डबीवर मी म्हटलं त्याहून वेगळं नाव निघालं तर इथे लिहा, कारण मग वेळेबद्दलचं आणि लोह-कॅल्शियमचं मी सांगितलेलं बरंचसं बदलेल.