बंगालीत विचारायचंय, पण उत्तर कळेल का?

"मॅडम, वाक्य पाठ आहे. पण ऐन वेळी जीभ अडखळली आणि ती हसली तर?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेला मुलगा तिशीच्या आतबाहेरचा. पुण्यात नोकरी, मैत्रीण कोलकात्याची, कॉलेजपासूनची. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्नाचं तिच्याच भाषेत विचारायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. घड्या घालून घालून मऊ पडलेला कागद त्याने माझ्यापुढे सरकवला. मोबाईलवरून उतरवलेलं वाक्य होतं: 'आपनि कि आमाके बिबाह कोरबेन?'

माझी काही वर्षं कोलकात्यात गेली आहेत, म्हणून लगेच जाणवलं. वाक्य चुकीचं नव्हतं, परकं होतं. 'बिबाह' शब्द पत्रिकेत शोभतो. बोलताना सगळे 'बिये' म्हणतात. आणि 'आपनि' हे मानाचं संबोधन. जवळच्या माणसाला 'तुमि', दोस्ताला 'तुइ'.

"तुम्ही एकमेकांना काय म्हणता?"

"तुइ."

मग रोजच्या सवयीने विचारायचं तर 'आमाके बिये कोरबि?' आणि 'कोरबि'चं नुसतं 'कोरबे' केलं की 'तुइ'चं 'तुमि' होतं. मैत्री प्रेमाकडे वळली की कितीतरी बंगाली जोड्या 'तुइ'वरून 'तुमि'वर येतात. काही जन्मभर 'तुइ'वरच राहतात. यातलं कुठलं त्यांचं, हे मी सांगणं बरोबर नव्हतं. ते त्यालाच ठरवायचं होतं.

उच्चाराची काळजी मला फारशी वाटली नाही. आपल्यासाठी कुणी आपली भाषा बोलू पाहतंय म्हटल्यावर माणूस हसतं तेही मायेने. मला वेगळीच काळजी वाटली. "ती बंगालीतच काही बोलली तर तुम्हाला कळेल?"

तो गप्प झाला. त्याने फक्त 'हॅं', म्हणजे 'हो', गृहीत धरलं होतं. 'भेबे देखि' म्हणजे विचार करून बघते. तो नकार नाही, पण होकारही नाही. तिथे 'का? काय झालं?' असा धोशा लावला तर विचारण्याचा आग्रह होतो. लग्नानंतर राहायचं कुठे, तिच्या आईवडिलांचं पुढे काय, यावर दोघं एकदाही बोलले नव्हते. भीती खरी तिथली होती. ती वाक्याच्या आड लपली होती. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यावरच घालवल्या. मग त्याने तिच्याशी हे विषय काढले. वाक्य त्यानंतर.

फिरायला गेले असताना त्याने विचारलं. 'कोरबे' म्हणाला. ती बराच वेळ चालत राहिली आणि म्हणाली, "भेबे देखि." त्याला अर्थ कळला. त्याने मान हलवली आणि विषय तिथेच ठेवला. ते दिवस त्याला जड गेले. रात्री झोप नव्हती, पण तिला एकदाही टोचलं नाही. याचं मला फार कौतुक वाटतं.

आठवड्याने तिचा फोन आला. रोज 'तुइ'तल्या 'खेयेछिश?'ने जेवणाची चौकशी करणारी मुलगी त्या दिवशी 'तुमि'वर येऊन म्हणाली, "खेयेछो?" आणि मग, "कोरबो."

शेवटच्या भेटीत त्याचा एकच प्रश्न होता: तिच्या आईला हाक काय मारू? तो 'काकू' म्हणणार होता. बंगालीत 'काकु' म्हणजे काका. मी त्याच मऊ कागदाच्या मागे लिहून दिलं: 'काकिमा'.