वार्षिक प्लॅनची सवलत आणि सात रिकामे महिने

प्रश्न : मी स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची कामं करते. चित्रांसाठी एक, व्हिडिओसाठी एक आणि आवाज व अपस्केलिंगसाठी (म्हणजे चित्र-व्हिडिओ मोठं आणि स्पष्ट करण्यासाठी) एक अशी तीन एआय टूल्स माझ्याकडे आहेत. महिन्याच्या सरासरी कमाईतले ३ टक्के पहिल्यावर, ४ दुसऱ्यावर आणि २ तिसऱ्यावर जातात. तिन्ही वर्षभर चालूच असतात, मात्र गेल्या वर्षी व्हिडिओचं आणि त्यासोबतचं आवाजाचं काम पाचच महिन्यांत आलं. आता चित्र, व्हिडिओ, आवाज सगळं एका छताखाली देणारा एक प्लॅटफॉर्म दिसला आहे. महिन्याने घेतला तर कमाईच्या ८ टक्के, वर्षाचे पैसे एकदम भरले तर त्यावर ४० टक्के सूट. सूट तीन दिवसांत संपते. माझ्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी आहे. त्यातून पैसे काढू, की क्रेडिट कार्डावर हप्ते करू? की एकदाच चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक घेऊन टाकू?

उत्तर : आधी निकाल सांगतो. वार्षिक प्लॅन आत्ता घेऊ नका. प्लॅटफॉर्म जरूर वापरा, पण महिन्याने, आणि हातात व्हिडिओचं काम असेल त्याच महिन्यात.

तुम्ही मनात केलेला हिशेब मला दिसतो आहे. तीन टूल्सचे महिन्याला ९ टक्के, म्हणजे वर्षाला एका महिन्याच्या कमाईच्या १०८ टक्के. नव्या प्लॅटफॉर्मचे ८ टक्के, त्यातून ४० टक्के वजा, म्हणजे वर्षाला ५७.६ टक्के. अर्ध्या महिन्याची कमाई वाचली! एवढी मोठी बचत समोर दिसली की तीन दिवसांची मुदतही खरी वाटायला लागते.

पण या १०८ मध्ये बरंच पाणी आहे. व्हिडिओचं आणि आवाजाचं टूल तुम्ही सात महिने नुसतं चालू ठेवलंत. ते त्या महिन्यांत बंद केलं असतं, तर चित्रांचे ३६, व्हिडिओचे २० आणि आवाजाचे १० मिळून ६६ टक्केच लागले असते. म्हणजे ज्या बचतीचं श्रेय तुम्ही नव्या प्लॅटफॉर्मला देता आहात, तिचा मोठा भाग 'सबस्क्रिप्शन रद्द करा' हे बटण दाबूनही मिळतो. त्यासाठी कुणाला वर्षाचे पैसे आगाऊ द्यायची गरज नाही.

आता तिसरा पर्याय बघा. व्हिडिओचं काम असलेल्या पाच महिन्यांत नवा प्लॅटफॉर्म पूर्ण दराने घ्यायचा, ते झाले ४०. उरलेल्या सात महिन्यांत फक्त चित्रांचं टूल, ते २१. एकूण ६१. वार्षिक प्लॅनचे ५७.६. फरक ३.४ टक्क्यांचा, म्हणजे साधारण एका दिवसाची कमाई. एका दिवसाच्या कमाईसाठी तुम्ही वर्षभर एका कंपनीला बांधून घेणार आहात. काम चारच महिन्यांत आलं असतं, तर हा मिश्र पर्याय ५६ मध्ये बसला असता आणि सवलतीचा वार्षिक प्लॅनच महाग ठरला असता. सात महिन्यांत आलं असतं, तर मात्र मिश्र पर्याय ७१ वर जातो आणि वार्षिक प्लॅन १३ टक्क्यांहून जास्त वाचवतो. तेव्हा सूट ४० टक्के आहे की ५०, याला दुय्यम महत्त्व आहे. व्हिडिओचं काम वर्षातून किती महिने येतं, यावर सगळं ठरतं, आणि तुम्ही नेमक्या काठावर उभ्या आहात.

एक बारकावा. मासिक प्लॅनचा महिना तुम्ही पैसे भरता त्या दिवशी सुरू होतो. काम 'येणार आहे' म्हणून घेऊ नका. क्लायंटची आगाऊ रक्कम खात्यात आली की त्याच दिवशी सुरू करा आणि लगेच ऑटो-रिन्युअल बंद करा. अनेक ठिकाणी आधी बंद केलं तरी भरलेल्या महिन्याची मुदत चालू राहते. तशी अट आहे ना, एवढं आधी वाचून घ्या.

आता क्रेडिटकडे, म्हणजे प्रत्येक चित्रामागे किंवा क्लिपमागे प्लॅटफॉर्म तुमच्या कोट्यातून जे गुण वजा करतो त्यांच्याकडे येतो, कारण या व्यवसायातला खरा दर तिथे दडलेला असतो. प्लॅनवर लिहिलेली किंमत म्हणजे नुसती प्रवेश फी म्हणा. समजा, महिन्याला १,००० क्रेडिट मिळतात, एका चित्राला ५ लागतात आणि पाच सेकंदांच्या क्लिपला ५०. तीस सेकंदांच्या रीलला सहा क्लिप हव्यात. एक मनासारखी क्लिप मिळायला सरासरी चार प्रयत्न धरले, तर चोवीस क्लिप, म्हणजे १,२०० क्रेडिट. महिन्याचा कोटा पहिल्याच रीलमध्ये संपला. मग क्लायंट म्हणणार, दुसरा आणि पाचवा शॉट बदलून द्या. आणखी ४०० गेले. आता टॉप-अप, म्हणजे जादा क्रेडिट विकत घ्या, आणि टॉप-अपला ती ४० टक्के सूट लागू आहे का, हे विचारा. बहुधा नसते.

याउलट व्हिडिओ नसलेल्या महिन्यात तुम्ही साठ चित्रं केलीत तर ३०० क्रेडिट खर्च होतील आणि ७०० महिनाअखेरीस बाद होतील. असे सात महिने म्हणजे ४,९०० क्रेडिट पैसे भरूनही हातात काही नाही. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या प्लॅटफॉर्मचे आकडे घालून हाच हिशेब करा. वार्षिक प्लॅनमध्ये वर्षाची क्रेडिट एकदम मिळून कधीही वापरता येत असतील, तर माझं मत बरंच बदलेल. पण दर महिन्याला कोटा देऊन उरलेला बाद करण्याचीच पद्धत जास्त दिसते, आणि असा कोटा तुमच्यासारख्या चढउताराच्या धंद्याला मानवत नाही.

व्हिडिओ एवढी क्रेडिट का खातो, हे कळलं तर तुम्ही ती वाचवूही शकाल. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांत १२० फ्रेम होतात. त्या सुट्या सुट्या चांगल्या असून भागत नाही. चेहरा, कपडे, प्रकाश सगळं एकीतून दुसरीत तसंच राहायला हवं, म्हणून मॉडेलला, म्हणजे टूलमागच्या एआय प्रणालीला, त्या एकत्र हाताळाव्या लागतात आणि गणन प्रचंड वाढतं. बोटं वाकडी आली, डब्यावरची अक्षरं वितळली, तरी त्या गणनाचा खर्च झालेला असतो. म्हणून फसलेल्या क्लिपचे पैसे चांगल्या क्लिपइतकेच जातात. यावर उपाय असा : फेरफार चित्राच्या पातळीवर करा. आधी स्थिर चित्र क्लायंटकडून मंजूर करून घ्या आणि मग त्याच चित्रावरून क्लिप बनवा. मजकूर आणि लोगो क्लिपमध्ये मागूच नका, ते एडिटिंगमध्ये वरून लावा. हलक्या, स्वस्त मॉडेलवर हालचाल तपासा आणि महागडं मॉडेल शेवटच्या रेंडरपुरतं ठेवा. चाराऐवजी दोन प्रयत्नांत काम झालं, तर तुमचा खर्च निम्मा होतो. कुठल्याही सवलतीपेक्षा ही बचत मोठी आहे.

'अनलिमिटेड' हा शब्द दिसला तर थांबून अटी वाचा. मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या टूलच्या काही प्लॅनमध्ये 'रिलॅक्स' पद्धतीने मर्यादेविना चित्रं करता येतात, पण तुमचं काम रांगेत लागतं. चित्रांसाठी ते चालतं. उद्या सकाळी रील द्यायची असताना रांग परवडत नाही.

एका बाबतीत मात्र अशा प्लॅटफॉर्मची बाजू घेतो. हे क्षेत्र फार वेगाने बदलतं. ओपनएआयने सोरा हे व्हिडिओ बनवणारं मॉडेल फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवलं आणि ते लोकांसाठी खुलं झालं डिसेंबरमध्ये. मधल्या काळात, एकट्या जून महिन्यात, क्लिंग, लुमाचं ड्रीम मशीन आणि रनवेचं जेन-३ अल्फा ही तशीच मॉडेल्स समोर आली. मे २०२५ मध्ये गुगलच्या व्हिओ ३ ने चित्रासोबत आवाजही तयार करून दाखवला. एकाच कंपनीच्या मॉडेलवर वर्षाचे पैसे लावणाऱ्याला या प्रत्येक वेळी हळहळ वाटली असेल. अनेक मॉडेल एकत्र देणारा प्लॅटफॉर्म ही जोखीम कमी करतो, हे खरंच. पण असे बरेच प्लॅटफॉर्म स्वतः दुसऱ्यांची मॉडेल्स घाऊक दराने घेऊन तुम्हाला किरकोळीत विकतात. नवं मॉडेल आलं की त्याला जास्त क्रेडिट लावतात. तुमच्या प्लॅनची किंमत तीच राहते, मिळणारे सेकंद कमी होतात. ज्या मॉडेलसाठी तुम्ही आलात ते यादीत वर्षभर राहील, अशी हमी अटींमध्ये शोधून पाहा. सापडली तर मलाही कळवा.

हक्कांचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण पैशाच्या दृष्टीने तो प्लॅनच्या किमतीपेक्षा जड पडू शकतो. 'व्यावसायिक वापरास परवानगी' हे प्लॅटफॉर्मच्या पानावर लिहिलेलं असतं, पण आतल्या मॉडेलचे परवाने वेगवेगळे असतात. ब्लॅक फॉरेस्ट लॅब्जने ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लक्स ही चित्रांची मॉडेल्स आणली तेव्हा त्यातलं 'श्नेल' व्यावसायिक वापरालाही मुभा देणाऱ्या खुल्या अपाची परवान्याखाली होतं आणि 'डेव्ह' अव्यावसायिक परवान्याखाली. घराणं एक, अटी दोन. प्लॅटफॉर्मने मूळ कंपनीशी करार केला असेल तर प्रश्न नाही, पण तसं लेखी असू द्या.

दुसरं असं की, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात स्पष्ट केलं आहे, की केवळ प्रॉम्प्ट (एआयला द्यायची लेखी सूचना) लिहिल्याने निर्मितीवर लेखकाचा हक्क तयार होत नाही. माणसाने केलेली निवड, मांडणी, बदल यांना संरक्षण मिळू शकतं. इतर देशांचे नियम वेगळे असू शकतात. पण तुमच्या करारात 'सर्व स्वामित्वहक्क क्लायंटला देत आहे' असं सरसकट वाक्य असेल, तर जे तुमच्याकडे कदाचित नाहीच ते तुम्ही विकता आहात. ते वाक्य बदला आणि एआयचा वापर झाला आहे हे लिहा. ओळखीच्या कार्टून पात्रांसारखं काही मागितलं तर नाही म्हणा. डिस्ने आणि युनिव्हर्सलने जून २०२५ मध्ये मिडजर्नीवर दावा लावला तो याच कारणाने. तुमच्यासारख्या एकट्या व्यावसायिकाला अशा दाव्याची नुसती नोटीसही वर्षाच्या सबस्क्रिप्शनपेक्षा महाग पडेल.

पैसे कुठून काढायचे, याचं उत्तर छोटं आहे. आपत्कालीन निधीला हात लावू नका. अनियमित कमाई असलेल्या माणसाकडे मला सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा असतो, तुमच्याकडे तीनचा आहे. त्यातून अर्ध्या महिन्याच्या कमाईहून जास्त काढून सॉफ्टवेअरला देणं मला पटत नाही. कार्डावर हप्तेही नकोत. मासिक प्लॅन हा एक प्रकारे बिनकर्जाचा आणि हवा तेव्हा थांबवता येणारा हप्ताच आहे. बिल परकीय चलनात येत असेल, तर बँकेचा वरचा आकार आणि लागू असलेला कर धरूनच तुलना करा. प्लॅटफॉर्मच्या पानावर तो दिसत नाही.

संगणकाचं म्हणाल तर, खुली मॉडेल्स घरच्या यंत्रावर चालतात हे खरं. स्टेबल डिफ्यूजन २०२२ पासून उपलब्ध आहे, व्हिडिओसाठीही खुली मॉडेल्स आली आहेत. पण त्यासाठी भरपूर मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, वीज आणि मुख्य म्हणजे बिघाड निस्तरण्याचा वेळ लागतो. वर्षातले पाचच महिने व्हिडिओचं काम असणाऱ्याने यंत्रात पैसा अडकवू नये. इथे मी दुसरा विचारही करणार नाही.

खरी सुधारणा तुमच्या कोटेशनमध्ये आहे. निर्मिती खर्च ही वेगळी ओळ टाका. एका रीलला लागणारी क्रेडिट, त्यांची किंमत आणि दोन शॉटपर्यंतचे बदल, एवढं त्यात धरा. त्यापुढचा प्रत्येक बदललेला शॉट वेगळ्या दराने. तुम्ही क्लायंटकडून एकच ठोक रक्कम घेत असाल, तर त्याच्या प्रत्येक 'जरा वेगळं करून बघू या'चे पैसे तुम्ही भरता. तुमचा वेळ तर त्याच्याही वर. पुढच्या कामात प्रत्येक क्लिपला किती प्रयत्न लागले, किती क्रेडिट गेली आणि किती तास गेले, याची साधी नोंद ठेवा. ती हातात असेल तेव्हा प्लॅनची निवड पाच मिनिटांचं काम होईल.

तीन दिवसांच्या मुदतीबद्दल : ती जाऊ द्या. अशी सवलत पुन्हा कधीच न आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

वार्षिक प्लॅन मी कधी मंजूर करेन, तेही सांगतो. आज आवाजाचं आणि व्हिडिओचं टूल बंद करा. पुढची दोन-तीन व्हिडिओची कामं मासिक प्लॅनवर करून पाहा. येत्या वर्षातल्या किमान सात महिन्यांसाठी व्हिडिओचं काम पक्कं झालेलं असेल, म्हणजे एखाद्या क्लायंटशी ठरावीक रकमेचा लेखी करार असेल, मासिक कोट्यात तुमचं काम खरोखर बसत असेल आणि पैसे कामाच्या खात्यातल्या शिलकीतून जाणार असतील, तर घ्या. घेताना दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण सवलतीच्या दराने होणार की पूर्ण दराने, हे बघून त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.