ड्रोनवरच्या लेझरला मिथेन कसा कळतो?

प्रश्न: मिथेनला ना रंग ना वास, मग ड्रोनवरनं लेझरने तो मोजतात म्हणजे नक्की काय करतात? आणि किती गळतोय हेही कळतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: मिथेन ठराविक तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, ३.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास तर फारच जोरात, म्हणून तिथलाच लेझर दोन आरशांमधल्या उघड्या हवेतून बऱ्याच वेळा ये-जा करवायचा आणि शेवटी किती प्रकाश उरला ते बघायचं, जेवढा कमी तेवढा मिथेन जास्त. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने क्युरिऑसिटी रोव्हरवर मंगळाची हवा तपासायला लेझरचंच तंत्र वापरलंय, त्याच अनुभवातनं हलका सेन्सर बनला आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात मर्सिडजवळ तो छोट्या ड्रोनवर लावून तपासला, गॅस पाइपलाइनच्या गळत्या शोधायला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरी मेख इथेच आहे! हवेत मिथेन आधीच साधारण १.९ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १.९ भाग, असतो, त्याच्यावर किती वाढ झाली हे सेन्सर सांगतो, पण ताशी किती किलो गळतोय ते त्यातनं थेट निघत नाही, कारण वारा जोरात असला की तीच गळती पातळ दिसते. म्हणून गळतीच्या पुढे, वारा जातो त्या बाजूला, ड्रोन वेगवेगळ्या उंचीवर आडवा ये-जा करवतात आणि ते आकडे वाऱ्याच्या वेगाशी जोडतात. त्यामुळे वारा नीट मोजलाय का हे मी सगळ्यात आधी विचारेन, सेन्सर कितीही भारी असला तरी. मिथेन २० वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट वातावरण तापवतो, इथे अंदाजपंचे चालणारच नाही.