स्विचवर आत येणाऱ्या ट्रॅफिकला क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला प्राधान्य द्यायचं ते ठरवणारी) पॉलिसी लावली, तरी कॉल तुटतातच आणि फाइल कॉपीही मंदावली. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो. सिस्को कॅटॅलिस्ट २९६०, चाळीसेक आयपी फोन, प्रत्येक फोनच्या मागे पीसी, बॅकअप सर्व्हर त्याच स्विचवर. राउटरकडे जाणारा पोर्ट १०० एमबीपीएसचा, पुढे ५० एमबीपीएसची लाइन, आणि पीबीएक्स (कॉल जोडणारी फोन यंत्रणा) पलीकडच्या मुख्य कार्यालयात. बॅकअप सुरू झाला की कॉल तुटतात, म्हणून तुम्ही 'एमएलएस क्यूओएस' चालू केलं आणि फोनच्या पोर्टवर इनपुट पॉलिसी लावली. कॉल सुधारले नाहीत, उलट फाइल कॉपी मंदावली, आणि 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' सगळीकडे शून्य दाखवतंय. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाकताना नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका.)

त्या शून्यांनी घाबरू नका. २९६०, ३५६० आणि ३७५० या घराण्यात ती आज्ञा चालते, पण तिच्या आकड्यांना अर्थ नाही. खरे आकडे 'शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस ... स्टॅटिस्टिक्स'मध्ये असतात.

मुख्य गैरसमज इनपुट पॉलिसीच्या कामाबद्दल आहे. ती कोणालाच रांगेत पुढे काढत नाही. तिची कामं तीन: पॅकेट ओळखायचं, त्यावर डीएससीपी (पॅकेटच्या आयपी हेडरमधली प्राधान्याची खूण, ० ते ६३) लिहायचा, आणि ठरलेल्या वेगापेक्षा जास्त आलेलं टाकून द्यायचं किंवा त्याचा दर्जा उतरवायचा. आवाजाला आधी सोडायचं काम बाहेर जाणाऱ्या पोर्टच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, होतं, आणि २९६० वर तिथे पॉलिसी-मॅप लावताच येत नाही, त्याची सेटिंग वेगळी असते. म्हणजे आत येताना डीएससीपी बरोबर लिहिला आणि बाहेर त्याची दखल घेणारं काहीच ठेवलं नाही, तर पॉलिसीचा उपयोग शून्य.

आता बिघडलं का ते. 'एमएलएस क्यूओएस' टाकताच पूर्ण स्विचवर तीन गोष्टी एकदम बदलतात.

ज्या पोर्टवर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही तो 'नॉट ट्रस्टेड' होतो, म्हणजे आलेल्या खुणेवर विश्वास ठेवत नाही, आणि तिथून आलेल्या पॅकेटचा डीएससीपी शून्य केला जातो. राउटरच्या पोर्टवर ट्रस्ट दिलेला नसेल, तर पीबीएक्सकडून ४६ (आवाजाची डीएससीपी खूण) घेऊन आलेला आवाज तुमच्या स्विचमध्ये शिरतानाच साधा डेटा होतो. समोरच्याला आपलं नीट ऐकू जातं पण त्याचं बोलणं आपल्याला तुटक येतं, अशी तक्रार असेल तर आधी इथेच पाहा. फोनच्या पोर्टवरची पॉलिसी फोनकडून नेटवर्ककडे जाणाऱ्या दिशेचंच बघते, हे बरेच जण विसरतात.

दुसरं, पहिल्या क्यूचा मूळ 'शेप' (वेगाची कमाल मर्यादा) २५ असतो, म्हणजे पोर्टच्या वेगाचा १/२५ भाग. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तो ४ एमबीपीएस झाला. जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल एका दिशेला इथरनेट हेडरसकट सुमारे ८७ केबीपीएस घेतो (दर २० मिलिसेकंदाला १६० बाइट आवाज, ४० बाइट आयपी-यूडीपी-आरटीपी, १८ बाइट इथरनेट, सेकंदाला ५० पॅकेट). चाळीस कॉल म्हणजे जवळजवळ साडेतीन एमबीपीएस. म्हणजे प्राधान्याची म्हणून जी क्यू आहे, तिच्यातच आवाज मर्यादेच्या काठावर येऊन बसतो.

तिसरं, बाहेर जाणारा बफर (पॅकेट तात्पुरती ठेवायची मेमरी) चार क्यूंमध्ये २५-२५ टक्के वाटला जातो. तुमचा बहुतेक डेटा डीएससीपी ० चा, आणि तो सगळा दुसऱ्या क्यूत पडतो. आधी पूर्ण बफर वापरणारी फाइल कॉपी आता एका चतुर्थांशात कोंबली जाते. 'आउटपुट ड्रॉप्स' वाढलेले दिसतील, कॉपी मंदावली ती यामुळेच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासा. 'शो व्हर्जन'मध्ये इमेज (स्विचचं सॉफ्टवेअर) लॅन लाइट आहे की लॅन बेस ते पाहा, कारण पोलिसिंग, मार्किंग आणि मॅप बदलणं या सगळ्याला लॅन बेस लागतं. मग 'शो इंटरफेसेस'मध्ये सीआरसी आणि लेट कोलिजन या चुकांचे आकडे पाहा. डुप्लेक्स जुळत नसेल किंवा केबल खराब असेल तर क्यूओएसने काहीही सुधारणार नाही. ८०२.३एक्सचं फ्लो कंट्रोलही (पाठवणाऱ्याला क्षणभर थांबवण्याची सोय) बंद असू द्या, ते आणि क्यूओएस एकत्र चालवायचं नाही. हे सगळं नीट होईपर्यंत 'नो एमएलएस क्यूओएस' टाकून ठेवलंत तर स्विच पुन्हा कशालाही हात न लावता पॅकेट पुढे पाठवेल.

सुरुवात मॅपपासून, म्हणजे एक खूण दुसरीत बदलणाऱ्या तक्त्यापासून. मूळ मॅपमध्ये सीओएस (इथरनेटच्या टॅगमधली खूण, ० ते ७) ५ चं रूपांतर डीएससीपी ४० मध्ये होतं, तर आवाजाची सर्वमान्य खूण ४६, म्हणजे ईएफ. तुमचा स्विच ४० ला पहिल्याच क्यूत टाकतो, त्यामुळे स्थानिक पातळीवर काही जाणवत नाही. पण राउटरची पॉलिसी ईएफ शोधत असेल तर तिला हा आवाज दिसतच नाही. म्हणून: 'एमएलएस क्यूओएस मॅप सीओएस-डीएससीपी ० ८ १६ २४ ३२ ४६ ४८ ५६'.

राउटरच्या आणि (असल्यास) दुसऱ्या स्विचच्या पोर्टवर 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी' द्या. दोन स्विचमधल्या लिंकवर ही ओळ दोन्ही टोकांना हवी, एका टोकाला राहिली तर त्या दिशेच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात.

फोनच्या पोर्टवर काय लावायचं ते फोन कोणत्या कंपनीचा यावर ठरतं. फोन सिस्कोचा असेल तर पॉलिसी काढून टाका आणि दोन ओळी द्या: 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डिव्हाइस सिस्को-फोन' आणि 'एमएलएस क्यूओएस ट्रस्ट सीओएस'. पहिली एकटी पुरत नाही. ती सीडीपीने (सिस्कोची उपकरणं एकमेकांना ओळखतात तो प्रोटोकॉल) फोन सापडला तरच विश्वास ठेव एवढं सांगते, कशावर ठेवायचा ते दुसरी सांगते. इथे मी डीएससीपीऐवजी मुद्दाम सीओएसवर विश्वास ठेवतो. फोन आपली पॅकेट व्हॉइस व्हीलॅनच्या (फोनसाठी वेगळं ठेवलेलं आभासी नेटवर्क) टॅगसह, सीओएस ५ घालून पाठवतो. मागच्या पीसीची पॅकेट मात्र विनाटॅग येतात, त्यांना पोर्टचा मूळ सीओएस ० मिळतो आणि मॅपमधून डीएससीपीही ०. ट्रस्ट डीएससीपी दिलंत, तर पीसीवरच्या कुठल्याही प्रोग्रामने स्वतःवर ४६ लिहून घेतला की तो थेट आवाजाच्या क्यूत शिरतो.

एक पथ्य: पोर्टवरचा ट्रस्ट आणि 'सर्व्हिस-पॉलिसी इनपुट' एकत्र नांदत नाहीत. जे नंतर टाकाल ते आधीचं पुसतं. तुम्ही पाठवलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन्ही टाकायचा प्रयत्न दिसतोय, म्हणून 'शो रन' पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला.

फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर सीडीपीवर आधारलेला ट्रस्ट त्याला ओळखणार नाही, तिथे पॉलिसीच लागते. एका एक्स्टेंडेड एसीएलमध्ये (पॅकेट निवडण्याच्या नियमांची यादी) व्हॉइस व्हीलॅनच्या सबनेटवरून येणारं यूडीपी घ्या, पोर्टांची रेंज पीबीएक्सच्या सेटिंगमधून पाहून (सिस्कोच्या जगात १६३८४ ते ३२७६७ असते, इतरांकडे वेगळी). दुसऱ्या एसीएलमध्ये एसआयपीचे, म्हणजे कॉल जोडण्याच्या सिग्नलिंगचे, पोर्ट ५०६० आणि ५०६१. प्रत्येकीला एक क्लास-मॅप. मग पॉलिसी-मॅपमध्ये आवाजाच्या क्लासला 'सेट डीएससीपी ईएफ' आणि 'पोलिस २५६००० ८००० एक्सीड-अ‍ॅक्शन ड्रॉप', सिग्नलिंगच्या क्लासला 'सेट डीएससीपी सीएस३' (म्हणजे २४) आणि 'पोलिस ३२००० ८००० एक्सीड-अ‍ॅक्शन पोलिस्ड-डीएससीपी-ट्रान्समिट'. ज्याला कुठलाच क्लास लागू होत नाही ते सगळं शून्यावर येतं, आणि आपल्याला तेच हवंय. सगळं व्हॉइस सबनेट एकगठ्ठा ईएफ करू नका, फोनचं फर्मवेअर डाउनलोडही मग आवाजाच्या क्यूत घुसतं.

अनेक नमुन्यांत आवाजाला १२८००० लिहिलेलं असतं. साध्या कॉलला ते पुरतं. पण फोनवरूनच तिघांची कॉन्फरन्स केली तर तो फोन दोन प्रवाह पाठवतो, सुमारे १७५ केबीपीएस, आणि पोलिसर ('पोलिस' ओळीतली वेगमर्यादा) त्यातलं जास्तीचं इमानदारीने टाकून देतो. म्हणून मी २५६००० लिहिलं. आणखी एक: 'पोलिस्ड-डीएससीपी-ट्रान्समिट'चा मूळ मॅप प्रत्येक खूण जशीच्या तशी ठेवतो. 'एमएलएस क्यूओएस मॅप पोलिस्ड-डीएससीपी २४ टू ०' टाकल्याशिवाय दर्जा उतरत नाही, आणि आज्ञा मात्र बिनतक्रार स्वीकारली जाते.

आता बॅकअप. इनपुट पॉलिसीचा तुमच्याकडचा खरा फायदा इथे आहे, कारण अखेरची कोंडी ५० एमबीपीएसच्या लाइनवर होते आणि तिथे भरणारा ट्रॅफिक तुम्ही सर्व्हरच्या पोर्टवरच आवरू शकता. एसीएलमध्ये आधी सर्व्हरकडून अंतर्गत सबनेटकडे जाणाऱ्याला 'डिनाय', मग सर्व्हरकडून कुठेही जाणाऱ्याला 'परमिट'. (क्यूओएसच्या एसीएलमध्ये डिनाय म्हणजे अडवणं नव्हे, हा क्लास लागू नाही एवढंच. मुख्य कार्यालयाचा सबनेट मात्र या डिनायमध्ये येऊ देऊ नका.) क्लासला 'सेट डीएससीपी सीएस१' (म्हणजे ८) आणि 'पोलिस ३००००००० ३७५००० एक्सीड-अ‍ॅक्शन ड्रॉप'.

पोलिसरच्या ओळीत पहिला आकडा बिट प्रति सेकंद, दुसरा बाइट. दुसरा आकडा नमुन्यातून ८००० असा उचलला की काय होतं ते पाहा: ८००० बाइट म्हणजे १५१८ बाइटच्या पूर्ण फ्रेम जेमतेम पाच. टीसीपी एका दमात त्याहून कितीतरी जास्त पाठवतो, सहाव्या फ्रेमपासून ड्रॉप सुरू, टीसीपी वेग निम्म्यावर आणतो, पुन्हा वाढवतो, पुन्हा आपटतो. ३० एमबीपीएस मंजूर करूनही हातात त्याचा तुकडाच येतो आणि दोष लाइनला दिला जातो. टीसीपीसाठी निदान १०० मिलिसेकंदांचा बर्स्ट ठेवा: ३ कोटी बिट गुणिले ०.१ भागिले ८, म्हणजे ३,७५,००० बाइट. या स्विचवर वरची मर्यादा १०,००,००० बाइट आहे. आवाजाची पॅकेट लहान आणि ठरावीक अंतराने येतात, म्हणून तिथे ८००० चालतं.

बाहेरची बाजू. सगळ्या पोर्टवर 'प्रायॉरिटी-क्यू आउट' द्या, मग पहिल्या क्यूचा तो १/२५ चा शेप विचारात घेतला जात नाही. चार क्यूंमधल्या वेगाच्या वाटपासाठी 'एसआरआर-क्यू बँडविड्थ शेअर १ ६० ३० १०' ठेवा, यातला पहिला आकडा आता निरर्थक आहे. सीएस१ मुळात डीएससीपी ० बरोबर दुसऱ्याच क्यूत जातो, म्हणून त्याला 'एमएलएस क्यूओएस एसआरआर-क्यू आउटपुट डीएससीपी-मॅप क्यू ४ थ्रेशोल्ड १ ८' ने चौथ्या क्यूत हलवा. पण मुळात ४८ आणि ५६, म्हणजे राउटिंग प्रोटोकॉलचा ट्रॅफिक, चौथ्यातच असतो, त्याला तिसऱ्या क्यूच्या थ्रेशोल्ड (ड्रॉप सुरू होण्याची पातळी) ३ वर न्या. बफरसाठी 'एमएलएस क्यूओएस क्यू-सेट आउटपुट १ बफर्स १५ ५० २० १५' आणि 'थ्रेशोल्ड २ ४०० ४०० १०० ४००', म्हणजे डेटाच्या क्यूला सामायिक साठ्यातून जागा उसनी घेता येईल. फाइल कॉपी यानेच सावरेल. ट्रस्ट, मॅप आणि बफर आधी टाकून ठेवा आणि 'एमएलएस क्यूओएस' सर्वांत शेवटी, कामाच्या वेळेबाहेर.

राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर ईएफला प्राधान्य देणारी पॉलिसी लागेलच. स्विचने ४६ लिहिलेला तिथे कोणी वाचत नसेल, तर पीसींचे अपलोड लाइन भरतील तेव्हा आवाज पुन्हा अडकेल. तुमच्याकडे येणाऱ्या दिशेचं हेच काम मुख्य कार्यालयाच्या राउटरवर करावं लागतं.

तपासताना बॅकअप चालू ठेवून एक कॉल लावा आणि राउटरच्या पोर्टची स्टॅटिस्टिक्स पाहा. 'डीएससीपी: आउटगोइंग'मध्ये ४६ चा आकडा एका कॉलमागे सेकंदाला पन्नासने वाढायला हवा. तिथेच क्यूंचे क्रमांक ० ते ३ असे छापले जातात, कॉन्फिगरेशनमध्ये मात्र १ ते ४. म्हणजे 'क्यू १'चे ड्रॉप पाहून आवाज पडतोय असं समजू नका, ती तुमची दुसरी, डेटाची क्यू आहे. सर्व्हरच्या पोर्टवर पोलिसरचे इनप्रोफाइल आणि आउट-ऑफ-प्रोफाइल दोन्ही आकडे हलताना दिसले पाहिजेत.

वायरशार्कने (पॅकेट पाहायचं सॉफ्टवेअर) पाहायचं असेल तर स्पॅन पोर्ट (दुसऱ्या पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत देणारा) राउटरच्या पोर्टच्या टीएक्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या, दिशेवर लावा. फोनच्या पोर्टची आरएक्स, म्हणजे आत येणारी, दिशा पकडलीत तर स्विचने खूण बदलण्याआधीची प्रत मिळते आणि पॉलिसी लागलीच नाही असं वाटतं. फोन हाताशी नसेल तर लिनक्सवरून 'पिंग -क्यू १८४' (क्यू कॅपिटल) पाठवा. १८४ हा पूर्ण बाइट, त्याचे वरचे सहा बिट म्हणजे ४६. पीसीच्या जागेवरून पाठवलेला हा पिंग राउटरच्या पोर्टवर ० होऊन बाहेर पडला, तर तुमची सीमा बरोबर आखली गेली आहे.

पुढे कधी ९३०० सारखा नवा कॅटॅलिस्ट घेतलात तर ही कॉन्फिगरेशन त्यावर चिकटवू नका. तिथे 'एमएलएस क्यूओएस' नाही, आणि आत येणारा डीएससीपी न सांगताच मान्य केला जातो. त्यामुळे तिथे पीसीच्या पोर्टवर 'क्लास-डीफॉल्ट'ला 'सेट डीएससीपी डीफॉल्ट' देणारी इनपुट पॉलिसी स्वतःहून लावावी लागते. बाहेरच्या बाजूलाही 'प्रायॉरिटी लेव्हल १' असलेली पॉलिसी लागते, आणि 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस'चे आकडे तिथे खरे असतात.