वाचकांचे प्रश्न : हरवलेल्या नमुन्यांचा हिशेब

प्रश्न : आमच्या कार्यालयातील 16 कोअरच्या लिनक्स सर्व्हरवर एक सेवा मधूनच मंदावते. कारण शोधण्यासाठी मी ‘पर्फ’ या लिनक्सवरील मोजणीच्या साधनाची ‘पर्फ रेकॉर्ड’ ही आज्ञा ड्वार्फ पद्धतीच्या कॉल-ग्राफसह (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या साखळीसह) मिनिटभर चालवली. शेवटी दोन लाखांहून अधिक इव्हेंट्स वाचले असून 38 ‘चंक्स’ हरवले आहेत, आयओ किंवा सीपीयूवर ताण आहे का ते तपासा, असा संदेश आला. दोन लाखांत 38 म्हणजे नगण्यच. ते सोडून दिले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सोडून देऊ नये. पहिली गोष्ट अशी की 38 ही हरवलेल्या नमुन्यांची, म्हणजे ‘या क्षणी सीपीयू काय करत होता’ अशा नोंदींची, संख्या नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक सीपीयूसाठी एक रिंग बफर (मेमरीतील तात्पुरती साठवणीची जागा) ठेवतो. त्यात तो नमुने लिहीत जातो आणि पर्फ ते वाचून फाइलमध्ये उतरवतो. वाचणारा मागे पडला आणि बफर भरला, तर कर्नल त्याच्यासाठी थांबत नाही, कारण नमुना घेण्याचे काम इंटरप्टमध्ये, म्हणजे सीपीयूचे चालू काम क्षणभर अडवून, चालते आणि तेथे थांबण्याची सोयच नसते. तो नमुना टाकून देतो आणि मनाशी एक आकडा वाढवतो. पुन्हा जागा झाली की ‘मधल्या काळात इतके गेले’ अशी एकच ‘लॉस्ट’ नोंद लिहितो. आपल्याला दिसलेले 38 हे अशा नोंदींचे मोजमाप आहे. एकेका नोंदीमागे एक नमुना असेल किंवा हजारही असतील. ‘पर्फ स्क्रिप्ट’ला ‘शो-लॉस्ट-इव्हेंट्स’ हा पर्याय दिल्यास प्रत्येक नोंदीतील आकडा दिसतो. त्यांची बेरीज केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आपल्या बाबतीत ती बेरीज मोठी निघेल असे मला वाटते, आणि त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. ड्वार्फ पद्धतीत कॉलची साखळी नंतर जुळवता यावी म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर स्टॅकचे (चालू फंक्शनांची माहिती असलेल्या मेमरीचे) 8192 बाइट उचलले जातात. बफर मुळात 512 केबीचा, म्हणजे त्यात जेमतेम साठ-बासष्ट नमुने मावतात. नमुने घेण्याची वारंवारता बदलली नसेल तर ती सेकंदाला 4000 असते, तेव्हा पूर्ण कामात असलेल्या सीपीयूचा बफर सुमारे 15 मिलिसेकंदांत भरतो. सोळाही कोअर कामात असतील तर सेकंदाला 500 एमबीहून अधिक माहिती डिस्ककडे धाव घेते. शिवाय एका मिनिटात 38 लाखांपर्यंत नमुने यायला हवे होते आणि आपल्याकडे आले दोन लाख. यातील काही तफावत रिकाम्या बसलेल्या कोअरमुळे असेल, पण सगळी त्यामुळेच आहे असे गृहीत धरता येत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती नमुने कोणत्या क्षणी गेले याची. ते सर्वत्र सारखे गळाले असते तर टक्केवारी फारशी बिघडली नसती. पण बफर भरतो तो सीपीयू गर्दीत असताना, वाचणाऱ्याला पाळी मिळत नसताना किंवा डिस्क अडली असताना, म्हणजे नेमकी आपली सेवा मंदावते त्या क्षणी. मग अहवालात शांत काळाचे चित्र ठळक होते आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तोच भाग पुसट होतो. म्हणून लॉस्ट नोंदींच्या वेळा सेवेच्या लॉगमधील वेळांशी ताडून पाहा. त्याच बफरमधून मेमरी मॅपिंगच्या (कोणती लायब्ररी मेमरीत कुठे आहे याच्या) नोंदीही जातात. मोजणी चालू असताना लोड झालेल्या लायब्ररीची नोंद हरवली, तर तिच्यातील फंक्शनांच्या जागी ‘अननोन’ दिसते आणि माणूस डीबग सिम्बॉल्स (फंक्शनांची नावे कळवणारी माहिती) शोधत बसतो.

आणखी एक सापळा आहे. लॉस्ट नोंद बफरमध्ये जागा झाल्यावरच लिहिली जात असल्याने अगदी शेवटी हरवलेल्या नमुन्यांची दखल पूर्वी राहून जाई. कर्नल 6.0 पासून प्रत्येक इव्हेंटचा हरवलेला आकडा थेट वाचण्याची सोय झाली आहे.

उपाय करताना आधी माहिती कमी करा. वारंवारता 99 ठेवा. 100 नको, म्हणजे ठरावीक ठोक्याने चालणाऱ्या कामांशी ताल जुळून फसगत होत नाही. शक्य असेल तर ड्वार्फऐवजी फ्रेम पॉइंटर (कॉलची साखळी स्टॅकची प्रत न घेता दाखवणारे दुवे) वापरा. फेडोरा 38 आणि उबंटू 24.04 या लिनक्सच्या आवृत्त्यांपासून त्यांची पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसह बांधली जातात, आपली सेवा मात्र आपल्यालाच तशी कंपाइल करावी लागेल. त्यानंतर ‘एम’ पर्यायाने बफर वाढवा. बफर क्षणिक लोंढा झेलतो. आवक सतत जास्त असेल तर पागोळीखाली मोठी घागर ठेवल्यासारखे होते, ती उशिरा भरते इतकेच.

प्रश्न : कर्नलच्या लॉगमध्ये ‘इंटरप्टला फार वेळ लागला, नमुन्यांची कमाल मर्यादा कमी करत आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. हेही नमुने हरवणेच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. येथे नमुने घेतलेच जात नाहीत, त्यामुळे लॉस्ट नोंदींत ते मोजलेही जात नाहीत. नमुने घेण्यात सीपीयूचा 25 टक्क्यांहून अधिक वेळ जाऊ नये असा कर्नलचा मूळ दंडक आहे. तो मोडेल असे दिसताच सेकंदाला एक लाख नमुन्यांची कमाल मर्यादा खाली आणली जाते. ती आपोआप पूर्ववत होत नाही, सिस्कटल या कर्नलची मूल्ये बदलण्याच्या आज्ञेने पुन्हा लिहावी लागते. दोन दिवसांच्या मोजण्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही वेळी ही मर्यादा किती होती ते अवश्य पाहा.